नकलांचा बंदोबस्त कुणाच्या खर्चाने?

२३ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या न्याय आणि वाणिज्य खात्यांनी सिनेटला एक पत्र पाठवले. सिनेटपुढे तेव्हा बौद्धिक संपदेच्या अंमलबजावणीचे विधेयक होते. स्वामित्वहक्क भंगाबद्दल सरकारी वकिलांनीच दिवाणी दावे लावावेत आणि वसूल झालेली भरपाई हक्कधारकाला द्यावी, असे त्यातले एक कलम होते. खात्यांनी सरळ सांगितले की यातून आमचे वकील खासगी हक्कधारकांचे फुकटचे वकील होतील. खर्च करदात्यांचा आणि वसुली उद्योगाची! तीन दिवसांनी सिनेटने विधेयक संमत केले, तेव्हा ते कलम गळालेले होते.

नकलांचा बंदोबस्त सरकारात कुणी करायचा, हा वाद त्या वर्षी उपटलेला नव्हता. १९९९ मध्ये एका खर्चविषयक कायद्यातच कलम घालून बौद्धिक संपदेच्या अंमलबजावणीसाठी वेगवेगळ्या खात्यांची समन्वय परिषद स्थापन झाली होती. पेटंट कार्यालयाचे प्रमुख आणि न्याय खात्याच्या फौजदारी विभागाचे प्रमुख तिचे संयुक्त अध्यक्ष. दोन खाती, दोन अध्यक्ष. मग पुढाकार कुणी घ्यायचा? संसदेची हिशेबतपासनीस संस्था जीएओ हिने २००६ मध्ये लिहिले की, परिषदेला आपले नेमके काम काय हेच ठरवता आलेले नाही. २००४ पासून बुश प्रशासनाची बनावट मालाविरुद्धची ‘स्टॉप’ मोहीमही सुरू होती. पण तीही उद्याचे सरकार गुंडाळू शकेल अशीच.

म्हणून २००८ चा ‘प्रो-आयपी’ कायदा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलेच विधेयक. प्रतिनिधीगृहात जॉन कॉनयर्स आणि सिनेटमध्ये पॅट्रिक लेही यांनी तो पुढे रेटला, १३ ऑक्टोबरला बुश यांची सही झाली. व्हाइट हाऊसच्या कार्यालयात सगळ्या खात्यांची ही कामे जुळवायला सिनेटच्या मंजुरीने नेमलेला समन्वयक आला. तपास किंवा खटल्याच्या बाबतीत पोलिसी यंत्रणांना त्याने आदेश द्यायचे नाहीत, हेही कायद्यातच लिहिले गेले. थोडक्यात, आराखडा आखा, अहवाल द्या, पण काठी हाती घेऊ नका. स्थानिक पोलिसांच्या अनुदानासाठी पाच वर्षे दरसाल २.५ कोटी डॉलरची मुभा होती. मुभा म्हणजे पैसा नव्हे. दरवर्षी खर्चाच्या विधेयकात तो वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि खरी ओढाताण तिथेच होते.

ज्या आकड्यांच्या जोरावर हा निधी मागितला जाई, त्यांची गोष्ट अधिक रंजक आहे. बनावट मालामुळे अमेरिकी धंद्यांचे वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर बुडतात, हा एफबीआयच्या नावाचा आकडा वर्षानुवर्षे भाषणांतून फिरत होता. नव्या कायद्यानेच जीएओला अशा अंदाजांची छाननी करायला लावले. एप्रिल २०१० च्या अहवालात कळले ते असे: हा आकडा कुठून आला, कसा काढला, याची एफबीआयकडे नोंदच नाही. नुकसान खोटे आहे असे जीएओने म्हटले नाही, उलट प्रश्न मोठाच आहे असे म्हटले. पण चोरून पाहिलेली प्रत्येक प्रत ही बुडालेली विक्री धरायची का, हा कळीचा प्रश्न त्यामुळे उघड्यावर आला.

डिसेंबर २००९ मध्ये व्हिक्टोरिया एस्पिनेल पहिल्या समन्वयक झाल्या आणि जून २०१० मध्ये पहिला संयुक्त आराखडा निघाला. २०१३ मध्ये त्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या प्रमुखपदी गेल्या. नंतरचे एक समन्वयक विशाल अमीन २०२१ च्या सुरुवातीला पायउतार झाल्यावर पुढचा मंजूर समन्वयक मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.