स्नेक प्लांट आणि रात्रीचा ऑक्सिजन

‘बेडरूममध्ये एक स्नेक प्लांट ठेवा, रात्रभर ऑक्सिजन मिळेल, हवा शुद्ध होईल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हवा शुद्ध होण्याच्या दाव्यामागे नासाचा १९८९ चा अभ्यास आहे, पण तो झाला छोट्या हवाबंद पेटीत. घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलते. हवेच्या या ये-जा करण्याने जेवढी शुद्धी होते, तिच्या तोडीचं काम करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, असं २०१९ च्या एका आढाव्यात दिसलं. रात्री स्नेक प्लांटची पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) उघडतात हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. ऑक्सिजन उजेडातच तयार होतो.

झाड मात्र जरूर लावा! कमी उजेडात ते तग धरतं. मरतं ते जास्त पाण्याने. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर पाणी नको. पान बुडाशी मऊ, पिवळं पडलं की मुळं कुजायला लागली समजा.