दोन इंजिनं आहेत, मग एक बंद पडलं तर काय होतं?

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, एटीआर (दोन प्रोपेलरचं प्रवासी विमान) उतरताना बघितलं की बऱ्याच जणांना वाटतं, दोन इंजिनं आहेत म्हणजे एक गेलं तरी दुसरं आहेच की. ते खरंय, पण दुसरं इंजिन आपोआप वाचवत नाही, पायलटला ते वापरता यावं लागतं, म्हणून मल्टी इंजिनच्या ट्रेनिंगमध्ये सगळा जोर एकाच इंजिनवर उडण्यावर असतो.

इंजिनं असतात पंखांवर, मधोमध नाही. त्यामुळे जोडीतला एक बैल बसला की गाडी जशी त्याच्याच अंगाला वळते तसं विमान बंद इंजिनाकडे वळायला लागतं आणि त्याच बाजूला कलायलाही लागतं. ते सरळ धरायला डावं इंजिन गेलं तर उजवा पाय रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर गच्च दाबायचा, डावा पाय मोकळाच राहतो. जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन मेलं. मीटर बघत बसण्यापेक्षा पाय लवकर सांगतो.

पण लगेच ते इंजिन बंद करायचं नाही! आधी त्याचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमीजास्त करायचा दांडा, हळूच मागे घ्यायचा, विमानाला काहीच फरक पडला नाही तर ओळख बरोबर, मगच प्रोपेलर फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याला कड देऊन उभी करायची, नाहीतर ती वाऱ्याला आडवी राहून विमानाला मागे ओढतात. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत तैवानच्या ट्रान्सएशिया विमान कंपनीच्या एटीआर 72 चा उजवा प्रोपेलर टेकऑफनंतर आपोआप फेदर झाला आणि कॅप्टनने चालू असलेलं डावं इंजिनच मागे घेऊन बंद केलं. 43 माणसं गेली. खात्री करायची ही एक पायरी इन्स्ट्रक्टर इतकी घोटून का घेतात ते इथे कळतं.

रडरला जोर मिळतो तो वाऱ्यामुळे. वेग फार कमी झाला की पेडल पूर्ण दाबूनही विमान सरळ राहत नाही, त्या वेगाची लाल रेघ छोट्या विमानांच्या स्पीडच्या मीटरवर असते, आणि निळी रेघ म्हणजे एका इंजिनवर सगळ्यात चांगलं चढता येईल तो वेग.

आता चढण्याचं बघा. अर्धी ताकद गेली म्हणून चढाई अर्धी होते असं नाही, छोट्या विमानांत ती 80 ते 90 टक्के जाते, कारण नुसतं उडत राहायलाच बरीच ताकद खर्च होते आणि चढायचं असतं ते उरलेल्या ताकदीवर. त्यात कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 2000 फुटांवर, मे महिन्यात दुपारी 38 डिग्री तापमान असलं तर हवा 5000 फुटांवर असावी तितकी विरळ होते, म्हणजे राहिलेलं इंजिनही दमतं.

म्हणून प्रत्येक टेकऑफच्या आधी पायलट मोठ्याने बोलतो: धावताना इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि ब्रेक, हवेत गेल्यावर पुढे रनवे शिल्लक असेल तर तिथेच उतरायचं, आणि नसेल तर चाकं वर, फेदर, निळी रेघ.