पूल, पाणी आणि गप्प उभा माणूस

पावसाळ्यात सीना नदी फुगली की काठच्या गावांतले फरशीपूल पाण्याखाली जातात. समजा, अशाच एका पुलाशी, गढूळ पाण्यात कडा कुठे संपते हेही दिसत नसताना, एक दुचाकीस्वार येतो. शेजारी उभ्या माणसाला पाणी कमरेइतके आहे हे ठाऊक असते, तरी तो अवाक्षर काढत नाही आणि स्वार वाहून जातो. हे गप्प राहणे गुन्हा ठरते का?

ब्रिटिश राजवटीत कायदे रचणाऱ्या मेकॉले यांच्या आयोगाने 1837 मध्ये केलेल्या दंड संहितेच्या मसुद्यावरील टिपणांत नेमके पुराच्या नदीचेच उदाहरण आहे. वाटसरूंना सावध करण्यासाठी नेमलेला माणूस जाणूनबुजून गप्प राहिला तर तो खुनी, करार करून बरोबर आलेला वाटाड्या गप्प राहिला तरी खुनी. पण ज्याच्याकडून माणुसकीपलीकडे काही मागता येत नाही, तो तिऱ्हाईत खुनी नव्हे. याच मसुद्यातून घडलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेतून 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेली तरतूदही हीच रेषा ओढते: ‘कृती’मध्ये अकृतीही येते, मात्र ती बेकायदेशीर, म्हणजे कायद्याने बांधील असूनही केलेली, असली पाहिजे. म्हणून बंदोबस्ताचा होमगार्ड अडकतो आणि टपरीवर चहा पीत पाहणारा सुटतो. त्याचे सुटणे मला आजही खटकते, पण शेजारधर्म न पाळल्याबद्दल खटले भरायचे तर कोणाकोणावर भरणार?

कर्तव्य चुकले म्हणजे मृत्यू त्यामुळेच झाला, असे मात्र आपोआप ठरत नाही. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात 1962 मध्ये आग लागून सात कामगार दगावले. ज्या खोलीत टर्पेंटाइन साठवले होते तिथेच, परवान्यात नसताना, बर्नर पेटवले जात होते. तरीही कुर्बान हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपातून सोडले, कारण एका कामगाराने तापलेल्या मिश्रणात टर्पेंटाइन घाईने ओतले, हे आगीचे निकटचे कारण होते. आगीबाबत हयगय केल्याची शिक्षा तेवढी कायम राहिली. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या ढिगाशेजारी उघडी वायर पाहिलेल्या सोलापूरकराला हा निकाल सहज पचणार नाही.

पुलावरच्या होमगार्डचा वकीलही इथेच बोट ठेवील: हटकले असते तर तो स्वार थांबला असता का? मग त्या दिवशी शिट्टी ऐकून किती गाड्या मागे फिरल्या आणि किती जणांनी ‘काय होत नाय’ म्हणत पाण्यात घातल्या, याची साक्ष काढावी लागते.