जुनं व्हर्जन वेगळं अन् 'क्लासिक' वेगळं

परवा मावसभाऊ मानेवाड्याहून आला, हातातला फोन नाचवत, "दादा, अँग्री बर्ड्स गेमचं जुनं व्हर्जन भेटलं, एकदम ओरिजिनल!" पाहतो तर गेम बनवणाऱ्या रोव्हिओ कंपनीचं 2022 चं 'रोव्हिओ क्लासिक्स'. आता किती जणांना सांगू बाप्पा, ते जुनं नाही, जुन्यासारखं नव्यानं बनवलेलं आहे.

क्लासिक म्हणजे हेच नव्यानं बनवलेलं, त्यात घोळ नाही. जुना गेम जपून ठेवायचा तर घोळ होतो तो जुन्या फाईलचा. गेम आयफोनवर आला डिसेंबर 2009 मध्ये, 2019 ला कंपनीनं जुने गेम स्टोअरवरून काढले, लोकांनी बोंब मारली, मग 31 मार्च 2022 ला तोच गेम युनिटी इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, परत बांधून आणला. पक्षी तेच, डुकरं तीच, पण आतला प्रोग्राम दुसरा. अन् 'जुनं' म्हणजे तरी कोणतं? सुरुवातीला फक्त पोच्ड एग्ज या पहिल्या भागाच्या 63 लेवल होत्या, माइटी ईगल नावाचा मोठा पक्षी तर नंतर आला, प्रत्येक अपडेटची फाईल वेगळी, तेव्हा व्हर्जन नंबर सांगत नसाल तर "माझ्याकडे जुनं आहे" म्हणूच नका.

ग्रुपवर जे 'ओल्ड व्हर्जन, नो ॲड्स' म्हणून फिरते त्याची तर मला चीडच येते. एपीकेवर, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या फाईलवर, बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आत एक अक्षर जरी बदललं तर ती सही चालत नाही, मग ॲड काढणारा स्वतःची सही ठोकून देते. नाव, आयकॉन, व्हर्जन नंबर कोणीही कॉपी करू शकते, सही नाही. म्हणून खात्रीच्या दुसऱ्या फाईलशी सहीचं सर्टिफिकेट जुळवून पाहा, बाकी सगळं नंतर.

आणखी एक. अँड्रॉइड 14 पासून फोन अँड्रॉइड 6 च्या आधीसाठी बनवलेले ॲप साधेपणानं टाकूच देत नाही. लोकांना वाटते फाईल खराब आहे, अन् डिलीट करतात. अरे, चालत नाही म्हणजे खराब नाही ना! त्याच्यासाठी जुना फोन ठेवा. माझा होता, नागपूरच्या बर्डीत डिस्प्ले टाकायला दिला तर दुकानातल्या पोरानं न विचारता फॉर्मॅट मारून दिला, टेम्पल रन गेमची जुनी फाईल त्यातच गेली. तेव्हापासून प्रत्येक फाईल दोन जागी.

भावाचं तोंड उतरलं होतं, पण गंमत म्हणजे फेब्रुवारी 2023 मध्ये ते क्लासिकही प्ले स्टोअरवरून गेलं, आयफोनवर त्याचं नाव रेड्स फर्स्ट फ्लाइट झालं. त्यानं तेव्हाच विकत घेतलेलं होतं, म्हणून बसल्या बसल्या त्याच्या फोनातून एपीके काढून घेतली, एक नाही, तिचे सगळे तुकडे, कारण ऑगस्ट 2021 पासूनचे नवे ॲप प्ले स्टोअर तुकड्यातुकड्यात पाठवते. फोल्डरला 'जुनं' नाव देत होता, मी खोडून '2022' लिहिलं.