घरगुती सुतारकाम

घरगुती सुतारकाम म्हणजे सुताराचा धंदा नसलेल्या माणसानं घरच्यांसाठी, घरच्याच जागेत, जमेल तेवढ्या हत्यारांनी केलेलं लाकूडकाम. पाट, चौरंग, पोळपाट, स्टूल, पांगुळगाडा, देव्हारा, गणपतीचं मखर, पुस्तकांचं रॅक असल्या वस्तू यात येतात. फ्लॅटमध्ये महिनाभर कारागीर बसवून प्लाय-सनमायकाचं फर्निचर करून घेणं यात धरत नाहीत, आणि खोक्यात आलेलं कपाट चार स्क्रू पिळून उभं करणंही नाही, मग त्यात कितीही घाम गळालेला असो.

धंद्यातल्या सुताराचा हात साफ असतो, त्याची बरोबरी घरी होत नाही. पण घरी करणाऱ्याकडे दोन गोष्टी जास्तीच्या असतात. एक म्हणजे गिऱ्हाईकाची तारीख नसते, त्यामुळे लाकूड वाळेपर्यंत थांबता येतं. दुसरं, वस्तू नक्की कोण वापरणार ते माहीत असतं, त्यामुळे माप त्या माणसावरून घेता येतं. घरच्या कामातलं जे काही चांगलं असतं ते बहुतेक या दोन गोष्टींमुळेच.

पूर्वी हे होतं का?

फारसं नाही. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, बैलगाडीपासून पाळण्यापर्यंत सगळं तोच करायचा आणि सुगीला धान्य न्यायचा, मग इतरांच्या घरात रंधा-पटाशी कशाला असेल. शिवाय मधे जातव्यवस्था होतीच, दुसऱ्याच्या कामाला हात घालणं सहज चालत नव्हतं. छंद म्हणून लाकूडकाम करायची कल्पना शाळांमधून जास्त पसरली. स्वीडनमध्ये नॅस या ठिकाणी ओट्टो सालोमोन यांनी १८७० च्या दशकात 'स्लॉइड' नावाची पद्धत शिकवायला सुरुवात केली, त्यात मुलानं घरात उपयोगी पडेल अशी लाकडी वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायची. आपल्याकडे १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत हस्तोद्योगाला मध्यवर्ती जागा मिळाली, पण गाजली सूतकताई, सुतारकाम मागेच राहिलं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुलं हातात हत्यार घेऊन शिकतात. बाकी बहुतेक शाळांत कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं, ते या नोंदीत बसत नाही.

माप

सुतार अजून इंच आणि सुतात बोलतो. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे "दोन सूत कमी कर" याचा अर्थ पाव इंच कमी कर. घरी टेपवर मिलिमीटर बघणारा आणि वखारीत सुतात बोलणारा यांचा गोंधळ ठरलेला, म्हणून कुठलंही एकच धरावं आणि वहीत तेच लिहावं. लाकूड मिळतं घनफुटावर. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्यायची, तिन्हीचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी असेल तर बरोब्बर अर्धा घनफूट. हा हिशोब वखारीत जायच्या आधी येत असावा, नाहीतर समोरचा कॅल्क्युलेटर दाखवेल तो आकडा मान्य करून यावं लागतं.

पण घरच्या कामात टेपच्या आधी माणूस मोजतात. बाजारातली खुर्ची साधारण १८ इंच उंच असते आणि बुटक्या आजीचे पाय तिच्यावर लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते. आजीला भिंतीला टेकून उभं करायचं, गुडघ्यामागच्या वळीपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं (घरात चप्पल घालत असेल तर चपलेसकट) आणि स्टूल तेवढंच करायचं, मग ते १५ इंच आलं तर १५. गुडघे दुखणाऱ्याला मात्र उठताना उंच बैठक सोपी पडते, त्यांच्यासाठी एखाद इंच वाढवायचा. हे दुकानदाराला शक्य नाही, त्याला एकाच मापाच्या शंभर विकायच्या असतात.

लाकूड

सागवान अर्थातच पहिलं. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान बाजारात अजून 'सीपी' म्हणून विकतात, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत जाऊन किती वर्षं झाली तरी. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते बल्लारशाहहूनच. 'बर्मा' म्हणून जे सांगतात त्यावर पटकन विश्वास ठेवू नये, म्यानमारनं २०१४ मध्ये अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि आता वखारीत बरंचसं सागवान आफ्रिकेतल्या लागवडीचं असतं. खरं जुनं बर्मा बघायचं असेल तर पाडकामाच्या मालात, म्हणजे वाड्यांच्या आणि चाळींच्या तुळया, चौकटी, दारं. या जुन्या लाकडाचा मोठा फायदा म्हणजे ते पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं असतं. तोटा म्हणजे आत मोडलेले खिळे, रंध्याचं पातं एका फटक्यात जातं, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून बघायचं. सागवानात फिकट कडेचा भाग टाळावा, वाळवी लागते ती तिथे, गाभ्याला सहसा लागत नाही.

सागवान परवडत नसेल तर आंबा, फणस, शिवण, बाभूळ, आणि शहरात पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन. मशिनरीच्या दुकानामागे ही खोकी स्वस्तात मिळतात आणि शिकायला पाइनसारखं लाकूड नाही, मऊ आहे, चुकलं तर जीव जळत नाही. आंब्याला भुंगा लागतो, वस्तूखाली पीठ पडायला लागलं की समजायचं. प्लायवूड ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये येतं, साधं आयएस ३०३ आणि पाणी सोसणारं आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक), शिक्का बघून घ्यावं. प्लाय घरगुती कामात वाईट मानायचं कारण नाही, रॅकच्या फळ्यांना ते सरळच राहतं. फक्त कडा उघड्या ठेवू नयेत.

पावसाळा

बहुतेक वस्तू बिघडतात त्या इथे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, जुलैत फुगतं, मार्चमध्ये आकसतं, कोकणात पावसाळ्यात दारं लागेनाशी होतात ती यामुळेच. आणि ही हालचाल सगळ्या बाजूंनी सारखी नसते. फळी लांबीत जवळपास हलतच नाही, रुंदीत हलते, त्यातही वाढीच्या कड्यांना धरून कापलेली फळी कड्यांना आडवी कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. म्हणजे बारा इंच रुंद फळीला खाली आडवी पट्टी टोकापासून टोकापर्यंत फेविकॉलनं पक्की चिकटवली की फळीला आकसायचंय आणि पट्टी आकसू देत नाही, मग एक दिवस रात्री 'टक्' आवाज येतो आणि मधून चीर. लोक म्हणतात लाकूड खराब होतं. लाकूड बरं असतं, पट्टी चुकलेली असते. पट्टी मधे एका स्क्रूनं पक्की करायची आणि दोन्ही टोकांना स्क्रूचं भोक लांबट ठेवायचं. काही जुन्या पाटांचे पाय खाचेत नुसते सरकवून बसवलेले दिसतात, फळीला हलायला जागा राहते.

ओलं लाकूड वाळवायचा ढोबळ नियम म्हणजे इंचभर जाडीला एक वर्ष. सावलीत, भिंतीपासून सुटं, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, टोकांना रंग किंवा मेण लावून, कारण टोकं आधी वाळतात आणि फाटतात. वाळलेली फळी आणली तरी काम सुरू करायच्या आधी दोन-तीन आठवडे त्याच खोलीत पडू द्यावी. धंद्यातल्या माणसाला हे परवडत नाही, घरच्याला परवडतं आणि तरीही घरचाच जास्त घाई करतो, शनिवारी फळी आणून रविवारी चौरंग.

काय काय करतात

पाट सगळ्यात सोपा वाटतो म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात, पण रुंद फळी हातरंध्यानं सपाट करणं हे नवशिक्याचं काम नाही. त्यापेक्षा स्टूल किंवा छोटं रॅक बरं. पोळपाटाला तीन पाय असतात त्यामागे साधं कारण आहे, तीन पाय कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाहीत. घरी पोळपाट करताना एकसंध, घट्ट लाकूड घ्यावं, जोड नको आणि वॉर्निश तर अजिबात नको, तेलाचा हात फिरवला की पुरे. लाटणं गोल करायला लेथ लागतो, तो नसेल तर विकत आणावं हे बरं.

पांगुळगाडा हा या सगळ्यातला खरा आनंदाचा प्रकार, आणि नातवंडं वेगानं मोठी होत असल्यामुळे तारीख असलेला एकमेव. तिकोनी सांगाडा, तीन चाकं, मागे धरायला उभा दांडा. दांड्याची उंची बाळ उभं राहिल्यावर त्याच्या छातीशी यावी. दुकानातले हलके गाडे बाळानं दांडा धरून उभं राहायला ओढला की त्याच्याच अंगावर उलटतात, कारण मागची चाकं दांड्याच्या पुढे असतात. चाकं दांड्याच्या बरोबर खाली किंवा जराशी मागे घ्यायची आणि खालचा सांगाडा जाड, जड ठेवायचा. दुसरी अडचण टाइल्सची. शेणानं सारवलेल्या जमिनीवर गाडा आपोआप हळू चालायचा, गुळगुळीत फरशीवर तो बाळाच्या पुढे पळतो, म्हणून मागच्या चाकांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवायची आणि आस थोडा घट्ट ठेवायचा. बसायच्या वॉकरशी याची गल्लत करू नये, ते वॉकर जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडानं २००४ मध्ये बंदच केले.

देव्हाऱ्यात सुताराचं कौशल्य कमानीत दिसतं आणि घरच्याचं शहाणपण समईच्या जागेत. ज्योतीच्या वर मोकळी जागा भरपूर हवी, नाहीतर वरची फळी आधी काळी पडते, मग करपते. खाली वाती-उदबत्तीसाठी एक खण काढला की घरातले खूश. मखराचं म्हणाल तर २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर घडीचं लाकडी मखर पुष्कळ घरांत आलं. त्यात खिळे मारू नयेत, बोल्ट आणि विंग नट वापरावेत आणि प्रत्येक जोडावर दोन्ही भागांवर एकच आकडा लिहून ठेवावा, कारण वर्षानं माळ्यावरून काढल्यावर कुठली कमान कुठे हे कुणालाच आठवत नाही आणि गणपती दारात आलेला असतो.

हत्यारं आणि जागा

एक करवत, रंधा, दोन पटाश्या (लाकूड तासायच्या छिन्न्या, अर्धा आणि पाऊण इंच), गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), हातोडी, ड्रिल मशीन, चार क्लॅम्प. एवढ्यात वरचं जवळपास सगळं होतं, लाटणं सोडून. विकत घ्यायला पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, आणि जुनं चांगलं पोलाद हवं असेल तर पुण्याचा जुना बाजार. नवीन पटाशी आणली की ती धार लावूनच वापरायची, दुकानातून येते ती नुसती आकाराला आलेली असते. २५ ते ३० अंशांचा कोन, दगडावर तेल किंवा पाणी, आणि पाठीची बाजू पूर्ण सपाट. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो, त्यामुळे जखमा धारेच्या नाहीत, बोथटपणाच्या जास्त होतात. दसऱ्याला हत्यारं पुसून, तेल लावून, पुजायची पद्धत आहे, ती निदान गंजाच्या दृष्टीनं तरी पाळावी.

चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून काम करताना सगळीकडे दिसतं. हे करू नये. ग्राइंडरचा वेग त्या पात्यासाठी नसतो, पातं अडकलं की मशीन हातातून उडतं.

वर्कबेंच नसणं ही काही अडचण नाही. आपल्याकडचा सुतार पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून, पायानं फळी दाबून काम करत आला, त्याला फक्त फळी अडवायला एक ठोकळा लागतो. बाल्कनीत हे छान जमतं. अडचण आवाजाची असते, दुपारच्या वेळी ड्रिल चालू केलं की खालच्या काकांचा फोन येतोच. भुशाकडे मात्र गंभीरपणे बघावं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९९५ पासून आहे, साध्या रुमालानं भागत नाही, चांगला मास्क लागतो.

चिकटवणं आणि पॉलिश

पूर्वी सरस नावाचा गोंद उकळून लावायचे, वास घरभर. १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि सरस जवळपास गेलाच. गोंद जास्त लावून जोड पक्का होत नाही, दोन्ही पृष्ठभाग नीट बसलेले हवेत आणि रात्रभर क्लॅम्प. मुलांच्या वस्तूंना चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेली उत्तम, स्पिरिट पूर्ण उडाल्यावर ती तोंडात गेली तरी धोका नाही, फक्त गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो. रंगच द्यायचा तर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) आत असल्याचं डब्यावर बघावं, घरगुती रंगांना हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून आहे, घरात पडलेला जुना डबा खेळण्याला वापरू नये. जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

परदेशातल्या मराठी घरांत गॅरेज मिळतं, त्यामुळे देव्हारे आणि मखरं तिकडेही होतात. तिथे पहिल्याच दिवशी लागणारा धडा म्हणजे दुकानातलं 'टू बाय फोर' प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, आणि इथल्या मापानं काढलेला नकाशा तसाच वापरला की काहीच कशात बसत नाही.

घरच्यासाठी, शेजारच्या बाळासाठी, बारशाला भेट म्हणून केलं तर कुणी विचारत नाही. पण खेळणी विकायला काढली तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, सरकारकडे हस्तकलेचे कारागीर म्हणून नोंद असलेल्यांना त्यातून सूट आहे.