भर उन्हात छोटा फ्लॅश बिनकामाचा?

‘फ्लॅश अंधारासाठी, उन्हात लावायचाच तर मोठा, महागडा हवा’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे. पण डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत, टोपीच्या कडेखाली काळी सावली पाडतं. फ्लॅशने तेवढीच उजळायची असते, सूर्याशी स्पर्धा नाही.

हिशेब सोपा: गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) भागिले अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा) म्हणजे फ्लॅशचा पल्ला. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि गाइड नंबर २० (मीटरमध्ये) धरला, तर सुमारे १.८ मीटर. सावली उजळायला निम्मा प्रकाशही पुरतो, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे पल्ला जवळपास अडीच मीटर. दोघातिघांना पुष्कळ झालं. वीस जणांचा गोतावळा मात्र नाही जमणार.

पडताळायचंय? माणसांच्या पाठीशी सूर्य ठेवून, सेटिंग न बदलता एक फोटो फ्लॅशशिवाय, एक फ्लॅशसह काढा. झूम करून बुबुळातला फ्लॅशचा चमकता ठिपका बघा.