उसाचं बिल आणि डोक्यातली जागा

ऑगस्ट 2024 पासून ‘लाडकी बहीण’चे हप्ते सुरू झाले आणि नातेवाइकांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं: ‘फुकट मिळायला लागलं की माणूस आळशी होतो.’ महिना 1500 रुपयांत कुणी नेमकं किती आळशी व्हायचं, याचा हिशेब कुणी देत नाही. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, तिजोरीवर केवढा भार पडतो, हे वाद व्हायलाच हवेत. पण ते इथे नकोत. मला कुतूहल आहे ते वाक्यामागच्या गृहीतकाचं. माणूस बेजबाबदार म्हणून गरीब राहतो, की हातात पैसा नसला की जबाबदारीने वागणंच अवघड होतं? हे मोजून पाहता येतं. मोजलंही गेलंय, आणि तेही ऊसकरी शेतकऱ्यांवर.

गरिबांची आणि श्रीमंतांची तुलना करून इथे काही हाती लागत नाही. त्यांचं शिक्षण वेगळं, आहार वेगळा, लहानपण वेगळं. फरक दिसला तरी तो कशामुळे, हे सांगणार कसं? तुलना एकाच माणसाची त्याच्याशीच करायला हवी: खिसा रिकामा असताना आणि भरलेला असताना. असा माणूस कुठे मिळतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला सांगायला नको. उसाचं पीक वर्षभर रानात उभं, आणि पैसा येतो तो तोड झाल्यावर, एकरकमी. तोडीआधीचे महिने हातउसन्यावर आणि सोनं गहाण टाकून निघतात. बिल जमा झालं की तोच माणूस काही महिने निवांत असतो.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या 54 गावांतले 464 ऊस उत्पादक निवडले. प्रत्येकाची तोडीआधी एकदा आणि नंतर एकदा चाचणी घेतली. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले.

चाचण्या दोन होत्या. पहिलीत आकृत्यांची जुळणी दाखवतात, एक तुकडा गाळलेला असतो, तो ओळखायचा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. नव्या प्रश्नाशी डोकं किती झुंजतं, तेवढं कळतं. दुसरी मला फार आवडते, कारण ती आत्ता बसल्या जागी करता येते. हे पाहा: 5 5 5. आता आकडा वाचायचा नाही, आकडे किती आहेत ते झटकन सांगायचं. उत्तर तीन; पण जिभेवर आधी ‘पाच’ येतं. ते गिळून ‘तीन’ म्हणायला मेंदूला स्वतःला आवरावं लागतं. समोरचा मोह टाळणं, तोंडावर आलेला शब्द मागे घेणं, सावकाराकडे जाण्याआधी दहा मिनिटं थांबून विचार करणं, या सगळ्याला ही आवरण्याची शक्ती लागते. आपण ज्याला ‘जबाबदारपणा’ म्हणतो, त्याचा मोठा भाग हाच आहे.

तोडीआधी त्याच शेतकऱ्यांची आकृत्यांमधली बरोबर उत्तरं कमी आली, आकड्यांच्या चाचणीत वेळ जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या.

इथे चाणाक्ष वाचक शंका काढेल, आणि काढायलाच हवी. दुसऱ्यांदा तीच परीक्षा दिल्यावर कुणालाही थोडं बरं जमणारच की! म्हणून संशोधकांनी काही वेगळ्या शेतकऱ्यांना तोडीआधी हातच लावला नव्हता. त्यांनी पहिल्यांदाच, तोडीनंतर, चाचणी दिली आणि तीही सरस निघाली; म्हणजे फरक सरावाचा नव्हता. मग हवामानाचा, सणावारांचा असेल? यावर कारखान्यांनी नकळत मदत केली. सगळा ऊस एका आठवड्यात गाळायची कुवत कुठल्याच कारखान्याची नसते. त्यामुळे तोड पाळीपाळीने मिळते आणि एकाच तारखेला एका शेतकऱ्याचं बिल झालेलं असतं, तर शेजारच्याचा ऊस अजून रानात उभा असतो. ऋतू तोच, खिसा वेगळा. आपल्याकडे तोड लांबली की चेअरमनला शिव्या बसतात. इथे मात्र तिने प्रयोग वाचवला. ताणही तपासला. तोडीआधी नाडी आणि रक्तदाब वाढलेले होते, पण ते हिशेबात धरूनही फरक उरलाच.

संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष ही मर्यादित जागा आहे. कुणाचे किती द्यायचे, दागिने सोडवायचे कधी, हा हिशेब मागे सतत चालू राहिला की पुढच्या कामाला जागा कमी उरते. बुद्धी तीच असते, ती अडकलेली असते.

वर्तमानपत्रांनी यावरून ‘गरिबीने बुद्ध्यांक 13 अंकांनी घसरतो’ असे मथळे ठोकले. तेवढं उतावीळ व्हायचं कारण नाही. 2016 मध्ये अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांची पगाराआधी आणि नंतर अशीच तपासणी झाली. तिथे असा फरक आढळला नाही. महिन्याच्या पगाराची ओढाताण आणि वर्षभराच्या उसाची ओढाताण एका मापाची नसावी, असं मला वाटतं. शिवाय उसाचं बिल ही कष्टाची कमाई. सरकारी मदतीचं काय?

त्यासाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जावं लागतं. जेन कॉस्टेलो यांचा गट 1993 पासून तिथल्या 1420 मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवत होता. त्यांतली साधारण पाव मुलं चेरोकी या मूलनिवासी जमातीची होती. अभ्यास चालू असतानाच जमातीने कॅसिनो काढला आणि नफ्यातला वाटा प्रत्येक सदस्याला मिळू लागला, कसलीही अट न घालता. ज्या घरांची गरिबी हटली, तिथल्या मुलांची मारामारी, चोरी, उलट बोलणं कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं झालं. त्यामागे आईवडिलांचं मुलांवरचं लक्ष वाढल्याचं दिसलं. पुढे याच मुलांच्या स्वभावातला नेटकेपणा, कामाची चाड वाढल्याचंही नोंदवलं गेलं. फुकटच्या पैशाने जबाबदारपणा बुडायला हवा होता, तो वाढला! उदासी आणि चिंता मात्र हलल्या नाहीत. पैशाने मन प्रसन्न होतं असा दावा कुणी केला, तर त्याला हा अर्धा निष्कर्षही वाचून दाखवा. अमेरिकेतच आणखी एका प्रयोगात हजार गरीब मातांपैकी काहींना दरमहा 333 डॉलर दिले, बाकीच्यांना 20. मुलं चार वर्षांची झाली तरी त्यांच्या विकासात ठळक फरक दिसला नाही.

‘सकारात्मक विचार करा, पैसा आपोआप खेचला जाईल’ असं सांगत तिकीट लावून शिबिरं घेणाऱ्यांनी आपल्या दाव्याचा एवढा तरी पिच्छा पुरवलाय का? घराच्या कोपऱ्यात कुबेरयंत्र लावणाऱ्यांना मी विचारत नाही; त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

महाराष्ट्रात हे मोजायची सोय आयती आहे. ‘लाडकी बहीण’ला वयाची अट 21 ते 65 आहे. उत्पन्नाच्या अडीच लाखांच्या मर्यादेत कागदोपत्री हात मारता येतो, जन्मतारखेत तितका सहज नाही. अर्ज भरायच्या वेळी वीस वर्षं अकरा महिन्यांची असलेली मुलगी आणि एकवीस वर्षं एक महिन्याची असलेली मुलगी यांच्यात हप्त्याखेरीज फारसा फरक नसतो. अशा काही हजार जणी घ्या, दोन्ही गटांना 5 5 5 दाखवा, झोप कशी लागते ते विचारा, आणि त्या वर्षभरात किती जणींनी काम सोडलं, किती जणींनी नवं धरलं, तेही टिपून ठेवा.